मिस्तरींची सोळा मिनिटं

सूर्यघड्याळ समजून घ्यायला कुणी नवखं आलं की मी आधी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देते. नांदेडच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी एक लहानसं सूर्यघड्याळ बसवलंय आणि रविवारी सकाळी तिथं कुणी ना कुणी येतंच. नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक येतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काका वही-पेन घेऊन येतात, आणि एकदा तर शेजारी हळदीकुंकवाला जमलेल्या बायका पदर सावरत जिना चढून आल्या. तांब्या बघून सगळ्यांना वाटतं, सूर्याला अर्घ्य द्यायचंय. मी म्हणते, अर्घ्य नंतर द्या, आधी हे पाणी फरशीवर ओता आणि कुठं जातं ते बघा.

पाणी जागच्या जागी पसरलं तर फरशी सपाट आहे, पुढं बोलायला हरकत नाही. एका बाजूला धावलं तर आधी फरशी नीट करायची. ही तांब्याची युक्ती मला सुचली ती लातूरकडच्या मुरूडजवळच्या एका गावातल्या मिस्तरींमुळं. त्याहून मोठी गोष्टही मला त्यांनीच शिकवली. त्या बदल्यात मी त्यांना काय दिलं ते सांगायला आजही लाज वाटते. पण नवख्या माणसापुढं मी ते दर वेळी सांगते, कारण सूर्यघड्याळाचं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्यांच्या अपमानातून आलंय.

माझं माहेर नांदेडचं, पहिली नोकरी किनवटच्या एका निवासी शाळेत, आणि तिथून बदली होऊन मी मुरूडजवळच्या त्या गावात विज्ञान शिकवायला आले. तेव्हा माझ्या तोंडाला लगाम नव्हता आणि चार लोकांत हुशारी दाखवायची हौस दांडगी होती. शाळेत त्या पावसाळ्यात खिचडी शिजवायच्या खोलीचं बांधकाम चाललं होतं. काम करायला गावातलेच मिस्तरी होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते विटा लावायचे आणि मिस्तरीणबाई माल कालवून घमेली भरून द्यायच्या. त्या मात्र नवऱ्याच्या वाट्याचंही बोलून घ्यायच्या. मिस्तरींचं गावात नाव होतं. त्यांच्या हातची फरशी असली की कपाटाखाली पुठ्ठ्याची घडी सारावी लागत नाही, असं लोक म्हणायचे.

मी त्यांना म्हटलं, "मैदानात एक ओटा बांधून द्याल का? सूर्यघड्याळ करायचंय."

"देतो की. उरलेल्या मालात होऊन जातंय. शाळंचं काम हाय," ते म्हणाले. घड्याळ म्हणजे काय, कशाला, काही विचारलं नाही.

सूर्यघड्याळ तसं सोपं असतं. सपाट ओट्यावर पत्र्याचा एक त्रिकोण उभा करायचा. त्याचा तिरपा काठ ध्रुवताऱ्याकडं रोखलेला हवा, म्हणजे आमच्या भागात जमिनीपासून साधारण साडेअठरा अंश उचललेला. त्या काठाची सावली सकाळी पश्चिमेकडं असते आणि दिवस चढेल तशी पूर्वेकडं सरकत जाते. ऐन मध्यान्हीला ती बरोबर उत्तरेला पडते, तिथं बाराची रेघ. बाकीच्या तासांच्या रेघा गणिताने काढायच्या. मी मुरूडच्या वेल्डिंगच्या दुकानातून चार फुटी त्रिकोण कापून आणला आणि मिस्तरींनी सहा फुटी ओट्यावर शहाबादी फरशी बसवली. काम इतकं देखणं झालं की हेडमास्तर त्यावर बसून चहा प्यायले.

संध्याकाळी मी सहज म्हणून तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. पाणी सरळ पूर्वेकडं पळालं आणि काठावरून खाली गेलं.

मी मिस्तरींना हाक मारली. "हे काय केलंत? सपाट सांगितलं होतं ना?"

ते म्हणाले, "मॅडम, ढाळ दिलाय. पाणी साचलं तर फरशी काळी पडती. शेवाळ धरती."

आता त्यात त्यांचं काय चुकलं? उभ्या जन्मात त्यांनी उघड्यावरचा कुठलाही ओटा, कुठलीही गच्ची ढाळ दिल्याशिवाय सोडली नसेल. पाणी काढून देणं हीच त्यांची सवय. पाणी साचलं तरी चालेल असा ओटा हवा असलेली मी त्यांच्या आयुष्यातली पहिलीच बाई होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फरशी उचलली आणि पुन्हा बसवली. पातळी बघायच्या पाणसळीचा बुडबुडा चारही बाजूंनी मधोमध आला तेव्हाच हात धुतले. मिस्तरीणबाई मात्र घमेलं आपटत म्हणाल्या, "शेवाळ घासायला मॅडमलाच बोलवा."

गौरी-गणपतीच्या दिवसांत ऊन पडलं आणि आम्ही घड्याळ सुरू केलं. ओट्यावर बारा वाजले तेव्हा मोबाईलमध्ये बारा पंचवीस झाले होते. मुलं गोंधळली. याचं उत्तर मला येत होतं. साऱ्या देशाचं घड्याळ तिकडं अलाहाबादच्या बाजूने जाणाऱ्या एका रेषेवर लावलंय. सूर्य तिथून आमच्याकडं यायला पंचवीस मिनिटं घेतो. किनवटला सतरा मिनिटांत पोचतो, नांदेडला एकवीस, आणि मुरूडकडं पंचवीस. मी ऐटीत ओट्याशेजारी पाटी रंगवून लावली: पंचवीस मिनिटं मिळवा, म्हणजे घड्याळाची वेळ मिळेल. पुढचे आठ दिवस ते इतकं चोख जुळत होतं की मी येता-जाता उगाच तिथं थांबायचे. नंतर परतीचा पाऊस आला, सहामाही परीक्षा आली, दिवाळीची सुट्टी लागली आणि ओट्याकडं कुणी फिरकलं नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली, नोव्हेंबर लागला होता, आणि आमच्या शाळेत आजूबाजूच्या शिक्षकांची बैठक भरली. पंचवीस-तीस शिक्षक, गावातले काही जाणते, सगळे. मी त्यांना मोठ्या उत्साहाने ओट्यापाशी नेलं. सावली बाराच्या रेघेवर आली. मी म्हणाले, "आता आपापले मोबाईल बघा. बारा पंचवीस."

"बारा नऊ," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले, बारा नऊ. सोळा मिनिटांची चूक. मागं कुणीतरी हसलं आणि माझं डोकं फिरलं. मिस्तरी तिथंच खिचडीच्या खोलीला गिलावा करत होते. मी त्यांच्याकडं बोट केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आधीही यांनी ओटा तिरका बांधला होता. दुसऱ्यांदा बांधून घेतला तरी घोळ करून ठेवलाच."

मिस्तरींनी थापी खाली ठेवली, हात धुतले, पाणसळ आणि ओळंबा घेऊन आले. ओट्याच्या चारही बाजू तपासल्या. त्रिकोण ओळंब्यात आहे का ते बघितलं. मग ते म्हणाले, "मॅडम, काम सरळ हाय."

"काम सरळ आहे, मग सूर्य वाकडा आहे का?" मी म्हणाले.

हशा पिकला. मिस्तरींनी एकदा सावलीकडं बघितलं. "आसंल बी," ते म्हणाले, आणि कामाला गेले. त्यावर तर लोक आणखीच हसले, आणि त्यात मीही होते.

संध्याकाळपर्यंत ओट्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मिस्तरींना सोळा मिनिटवाला मिस्तरी असं नाव पडलं. मला वाटलं, दोन दिवस हसतील आणि विसरतील.

चार दिवसांनी मिस्तरीणबाई मला शाळेच्या फाटकात आडव्या आल्या. "मॅडम, तुमी बोलून मोकळ्या झालाव. मारुतीच्या पाराचं काम निघालंय, मालूम हाय का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. गावातल्या पिंपळाच्या मुळ्यांनी मारुतीच्या देवळापुढचा पार उचलला होता आणि गावाने तो नव्याने बांधायचं ठरवलं होतं. तो जुना पार मिस्तरींच्या वडलांनी बांधलेला. काम मिस्तरींकडंच येणार, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. आता लोक म्हणत होते, पार म्हणजे देवाचं काम, लातूरहून चांगला माणूस आणू, उगाच वाकडं व्हायला नको. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ठरणार होतं.

"ह्यांच्या बापाच्या हातचा पार हाय त्यो," मिस्तरीणबाई म्हणाल्या. "न्हाई मिळाला तर हे त्या वाटंनं जायचे न्हाईत. मला मालूम हाय ना यांचा सोभाव." त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला ते बघवेना. तरीही मी म्हणाले, "पण सोळा मिनिटं तर चुकलीच ना." इतकी मी आडमुठी होते.

मिस्तरी मात्र भांडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी ओट्यापाशी यायचे. मोबाईलमध्ये बारा पंचवीस झाले की लाल ऑक्साईडमध्ये बुडवलेल्या काडीने सावलीच्या काठावर एक ठिपका ठेवायचे आणि निघून जायचे. दुसरीकडं काम असलं की मिस्तरीणबाई यायच्या. मी चार-पाच दिवस खिडकीतून बघितलं, मग न राहवून विचारलं, "हे काय करताय?"

"भितीला तडा गेला तर आमी लगी भित पाडत न्हाई मॅडम," ते म्हणाले. "तड्यावर काचंची पट्टी चिटकवतो आन् वाट बघतो. काच फुटली तर भित आजून चालून राहिली. न्हाई फुटली तर जुनाच तडा हाय, बुजवून टाकायचा. माझं काम वाकडं आसंल तर ते रोज सारखंच वाकडं ऱ्हाईल. सोळा मिनटं म्हंजे सोळाच. पर ठिपका हलला, तर मंग माझं काम हलंना, दुसरंच कायतरी हलून राहिलंय."

मी बी.एस्सी. झालेली, वर बी.एड. केलेली. हा साधा विचार मला सुचला नव्हता, आणि सुचला नव्हता हे मान्य करायचीही माझी तयारी नव्हती. मी "बघा" म्हणाले आणि वर्गात गेले.

महिनाभराने वेळा अमावस्या आली. लातूरकडं हिला येळवस म्हणतात. त्या दिवशी सारं गाव शेतात जातं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील असं जेवण असतं, ज्यांना शेत नाही त्यांनाही कुणी ना कुणी बोलावतंच. मलाही एका शेजारणीने बोलावलं होतं. दुपारी शाळेवरून जाताना बघितलं तर फाटक उघडं. आत मिस्तरी नव्या सदऱ्यात आणि मिस्तरीणबाई ठेवणीतल्या लुगड्यात ओट्यापाशी उभ्या. जेवायला जायच्या आधी ठिपका ठेवायला आले होते दोघं.

मी जवळ गेले. फरशीच्या उत्तरेकडच्या काठावर लाल ठिपक्यांची रांग लागली होती. पहिला ठिपका बाराच्या रेघेपासून दोन बोटं पूर्वेला होता. पुढचे एकेक करून रेघेकडं सरकत आले होते. आणि त्या दिवशीचा, अजून ओला असलेला ठिपका जवळजवळ रेघेवरच होता. मोबाईलमध्ये बारा पंचवीस, ओट्यावर बारा. माझ्या पाटीवरचं गणित पुन्हा चोख जुळत होतं आणि मधल्या काळात ओट्याला कुणी हातही लावला नव्हता.

"सुदारलं का मॅडम माझं काम?" मिस्तरी म्हणाले. त्यांनी ते चेष्टेने म्हटलं होतं, पण मला रडू आलं. मी शेतात गेले, भज्जी खाल्ली, चव कळली नाही.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले, आणि आज नवख्यांना जे सांगते ते तेव्हा मला कळलं. आपलं घड्याळ सरासरी काढून चालतं. एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत बरोबर चोवीस तास, असं ते वर्षभर धरून चालतं. खऱ्या सूर्याचे दिवस मात्र काही सेकंदांनी लहान-मोठे असतात. याची कारणं दोन. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पूर्ण गोल नाही, त्यामुळं ती थंडीत जरा भरभर चालते आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला जरा सावकाश. शिवाय तिचा आस कललेला आहे, म्हणून ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य रोज जो थोडासा पूर्वेकडं सरकतो, तो कधी सरळ, कधी तिरपा. एका दिवसात फरक सेकंदांचाच पडतो, पण तो साठत जातो. विटांच्या थरात असंच होतं. एकेका सांध्यात कणभर जास्त माल गेला तर भिंतीच्या टोकाला वीट बोटभर बाहेर येते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागं. आणि वर्षात चार वेळा दोघं जुळतात: एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, सप्टेंबर लागताना आणि नाताळच्या सुमाराला. या पुढं-मागं होण्याच्या हिशेबाला वेळेचं समीकरण म्हणतात. मी घड्याळ नेमकं सप्टेंबरच्या त्या जुळणाऱ्या दिवसांत लावलं होतं आणि एकाच दिवसाचं गणित वर्षभरासाठी पाटीवर रंगवून टाकलं होतं. सोळा मिनिटांची चूक पूर्णपणे माझी होती.

मिस्तरींच्या घरी जाऊन माफी मागितली असती तर मला सोपं गेलं असतं. पण मी बोलले होते चारचौघांत. म्हणून मी थांबले ते प्रजासत्ताक दिनापर्यंत, आणि तोवर रोज दुपारी ठिपका मी स्वतः ठेवला.

झेंडावंदन झालं, भाषणं झाली, जिलेबी वाटून झाली. ग्रामसभेला जायच्या आधी मी हेडमास्तरांकडून माईक मागून घेतला. मी म्हणाले, "सगळ्यांनी ओट्यापाशी चला. माझ्या पाटीप्रमाणे ओट्यावर नऊ वाजले की मोबाईलमध्ये नऊ पंचवीस व्हायला हवेत. ते होणार नाहीत. नऊ सदतीस होतील, किंवा अडतीस. आज सूर्य साडेबारा मिनिटं मागं आहे. मागल्या वेळी सोळा मिनिटं पुढं होता. ओटा दोन्ही वेळा तोच आहे आणि सरळ आहे."

लोक जिलेबीचे हात पुसत उभे राहिले. सावली नऊच्या रेघेला टेकली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नातीच्या मोबाईलमध्ये बघून मोठ्याने वाचलं, "नऊ सदतीस." मग मी म्हणाले, "मी मिस्तरींना तुमच्यासमोर विचारलं होतं, सूर्य वाकडा आहे का. ते आसंल बी म्हणाले आणि आपण हसलो. त्यांचं बरोबर होतं. मला माझा विषय आला नाही आणि दोष मी त्यांच्या हाताला दिला. मिस्तरी, मला माफ करा."

मिस्तरी मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला, बस झालं अशा अर्थाने. मिस्तरीणबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला. पुढं ग्रामसभेत लातूरच्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही.

मार्चमध्ये पार पुरा झाला. माझी नांदेडला बदली झाली होती आणि मी सामान बांधत होते, तेवढ्यात मिस्तरींचा निरोप आला, शाळेतली पाणसळ घेऊन पाराकडं या. गेले तर निम्मं गाव जमलेलं. पिंपळाच्या मुळ्यांना मोकळी जागा सोडून नवा पार बांधला होता. मधोमध वडलांच्या हातचा एक जुना दगड मिस्तरींनी जसाच्या तसा ठेवला होता.

"बघा मॅडम," मिस्तरी म्हणाले. "तुमी बराबर म्हणलाव की गावाला बराबर."

मी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध आला नाही, एका बाजूला जाऊन बसला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. कुणीतरी खाकरलंही. शब्द जिभेवर आले होते, पण या वेळी मी आधी मिस्तरींकडं बघितलं आणि विचारलं, "पाणी कुठल्या अंगाला काढलंत?"

त्यांचा चेहरा उजळला. त्यांना मी इतकं हसताना तोवर कधी बघितलं नव्हतं. "उगवतीकडं," ते म्हणाले.

मिस्तरीणबाईंनी हातातली घागर पारावर रिकामी केली. पाणी जुन्या दगडावरून, नव्या फरशीवरून उगवतीकडं वाहत गेलं आणि खालच्या मातीत उतरलं. "बरोबर आहे," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.